पापाचे वाटेकरी

वाल्या कोळ्याच्या बायकोनें त्याच्या पापांत वाटा घेण्याचें नाकारलें, ही गोष्ट मी शाळेंत पुष्कळदां सांगितली आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मधील पत्नी मात्र तो वाटा मागून घेते. आमच्या रायगड जिल्ह्यांतील महाड येथें १८६४ सालीं जन्मलेले शिवराम महादेव परांजपे यांनीं त्यावरून ‘मानाजीराव’ हें नाटक रचिलें. १९५४ सालीं शिरवाडकरांनीं ‘राजमुकुट’ लिहिलें.

मूळ नाटकांत आरंभीं मॅक्बेथ चेटकिणींचें भाकीत पत्रानें पत्नीस तत्काळ कळवितो. डंकन राजाचा वधही दोघांच्या मसलतीनें होतो. परंतु बँकोच्या वधाचा बेत तो तिच्यापासून लपवितो. तिला अजाण ठेवणें हेंच त्याला प्रेम वाटतें. मेजवानींत बँकोचें भूत पाहून तो बरळतो, तेव्हां तीच पाहुण्यांपुढें त्याला सांवरून घेते. त्या रात्रीनंतर तीं दोघें रंगभूमीवर एकत्र दिसत नाहींत. पुढें झोपेंत चालतांना ती हात चोळीत सारें बोलून जाते. तें ऐकावयास वैद्य आणि दासी असतात, पति नसतो.

जगापासून लपविलेल्या गुपितानें तीं जोडलेलीं होतीं. एकमेकांपासून लपविलेल्यानें दुरावलीं. घरच्या माणसाला त्रास नको म्हणून मौन धरणाऱ्या सज्जनांनींही याचा विचार करावा.