फुफ्फुसाचा कर्करोग : क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी व्हावे का?

"डॉक्टर, म्हणजे आमच्या वडिलांवर प्रयोग करणार का?" ट्रायलचा विषय निघाला की अनेक नातेवाईक हेच विचारतात. काहींना उलट वाटते की, नवे औषध म्हणजे नक्कीच जास्त चांगले. निर्णय घेताना या दोन्ही समजुती बाजूला ठेवा.

ट्रायलमध्ये काय होते?
पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषधाची सुरक्षित मात्रा शोधतात. दुसऱ्यात त्याचा आजारावर परिणाम होतो का ते पाहतात. तिसऱ्यात त्याची तुलना प्रचलित उपचाराशी करतात. या टप्प्यात कोणता उपचार मिळेल हे बहुधा चिठ्ठी टाकल्याप्रमाणे संगणक ठरवतो. परिणामकारक उपचार उपलब्ध असताना रुग्णाला सहसा नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, देत नाहीत.

आधी हे विचारा
- ट्रायल न घेतल्यास माझ्यासाठी सर्वांत योग्य उपचार कोणता? ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकीय तपासण्या झाल्या आहेत का? त्यांत बदल आढळल्यास उपलब्ध गोळ्यांनीही चांगला फायदा होऊ शकतो.
- ही ट्रायल कोणत्या टप्प्यातली आहे?
- किती फेऱ्या, स्कॅन आणि बायोप्सी होतील? प्रवासाचा खर्च कोण देईल?
- कोणते दुष्परिणाम होऊ शकतात? रात्री त्रास झाल्यास कोणाला फोन करायचा?

तुमचे हक्क
भारतात ट्रायलला एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी लागते. तिथे कोणीही माहिती पाहू शकतो. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवे; घाईत सही करू नका. 2019 च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. कारण न सांगताही तुम्ही कधीही बाहेर पडू शकता. त्यामुळे पुढचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

निर्णय कोणाचा?
आजार पुढच्या टप्प्यात असताना वेळ मोलाचा असतो. नवा उपचार मिळण्याच्या संधीसाठी वरचेवर रुग्णालयात जाणे काहींना पटते, तर काहींना तेच दिवस घरी, आपल्या माणसांत घालवायचे असतात. यातले काहीच चूक नाही. म्हणून कुटुंबाने परस्पर ठरवू नये, आधी रुग्णाला विचारावे, "तुम्हाला काय हवे आहे?" दम लागणे, वेदना यांवरचे उपचार मात्र दोन्ही वाटांवर सुरूच राहायला हवेत.