उंटाची चाल आणि एल्कची शिकार

वायोमिंग राज्यातल्या एल्क माउंटन या डोंगरावरचा खटला ऐकायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये नकार दिला. चार शिकारी जिंकले आणि एक धनाढ्य जमीनमालक हरला, एवढी बातमी वाचकांना ठाऊक असेल. पण हा खटला बंदुकीचा नव्हता की हरणाचाही नव्हता. दोन चौकोनांच्या कोपऱ्यावरून पाय पलीकडे टाकता येतो का, एवढ्याच प्रश्नावर चार वर्षे वकील राबले.

या गुंत्याचे मूळ रेल्वेत आहे. 1862 च्या कायद्याने अमेरिकी सरकारने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन बक्षीस दिली, पण सलग नव्हे. एक-एक चौरस मैलाचे, म्हणजे 640 एकरांचे चौकोन पाडले. विषम क्रमांकाचे चौकोन रेल्वेला गेले आणि सम क्रमांकाचे सरकारकडे राहिले. वायोमिंग राज्याच्या दक्षिण भागात हा बुद्धिबळाचा पट आजही जसाच्या तसा आहे. रेल्वेचे बरेच चौकोन पुढे मोठमोठ्या रँचवाल्यांच्या हाती गेले. सरकारी चौकोन सर्वांचे खरे, पण तिथे पोहोचायचे तर पटावर उंटाची चाल खेळावी लागते, तिरपी, कोपऱ्यातून कोपऱ्यात.

अडचण अशी की कोपरा म्हणजे भूमितीतला बिंदू आणि बिंदूला रुंदी नसते. माणसाच्या खांद्यांना असते. पाय सरकारी जमिनीवरून सरकारी जमिनीवर पडला, तरी खांदा क्षणभर खासगी चौकोनाच्या हवेतून जातोच. मालकाचे म्हणणे होते की ती हवाही माझीच.

मिसुरी राज्यातले हे शिकारी 2020 मध्ये पहिल्यांदा आले, तेव्हा अशा एका कोपऱ्यावर लोखंडी खांब, त्यांना साखळी आणि ‘प्रवेश बंद’च्या पाट्या होत्या. खांब धरून त्यांनी अंग पलीकडे झोकले. पुढच्या वर्षी ते घडीची शिडीच घेऊन आले. तिचे पाय दोन्ही बाजूंना सरकारी जमिनीवर टेकवले, चढले आणि उतरले. खासगी मातीला बूट लागला नाही. तरी अतिक्रमणाचा फौजदारी खटला झालाच. 2022 मध्ये रॉलिन्स गावातल्या ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले. दिवाणी दाव्यात मालकाच्या कंपनीने सत्तर लाख डॉलरहून अधिक नुकसान सांगितले. तेवढ्या पैशांत शिड्या किती येतील, हा हिशेब वाचकांनी करावा.

एवढी यातायात कशासाठी, तर एल्कसाठी. आपल्या सांबराचा हा थोरला भाऊबंद. नराचे वजन तीनशे किलोंच्या पुढे जाते आणि सप्टेंबरात माजावर आलेल्या नराची शिटीसारखी हाक दऱ्यांतून घुमते. एल्क माउंटनचा माथा सुमारे 3,400 मीटरवर आहे. तिथे गोळी झाडणे हा सोपा भाग. खरी मेहनत त्यानंतरची. खाण्याजोगे मांस टाकून येणे वायोमिंगमध्ये गुन्हा आहे. म्हणून जनावर जागीच सोलायचे, मांस कापडी पिशव्यांत भरायचे आणि पाठीवरून खाली आणायचे. एका खेपेत ते आटोपत नाही.

त्या राज्यात हरीण कुणा जमीनमालकाचे नसते. वन्यप्राणी सर्व जनतेचे. परवान्याला अर्ज करायचा, सोडतीत नाव निघण्याची वाट पाहायची. पण एल्कला नकाशा कळत नसला तरी बंदुका कळतात. सार्वजनिक जमिनीवर हंगाम सुरू झाला की कळप शांत खासगी रानात सरकतात आणि तिथल्या शिकारीचे मालक हजारो डॉलर घेतात. प्राणी लोकांचा आणि गल्ला मालकाचा. माझ्या मते खटल्याचा जीव इथे होता. हवा, खांदा, बिंदू हे सारे वकिलांचे कसब.

शिकारी जिंकले त्या दिवाणी निकालाचा आधार मात्र मजेशीर आहे. 1885 चा एक कायदा. गुरांच्या धनदांडग्या मालकांनी सरकारी कुरणांना कुंपणे घालून ती बळकावली, त्यांना आवर घालण्यासाठी केलेला. 1988 मध्ये याच वायोमिंगमध्ये एका मालकाचे 28 मैलांचे कुंपण याच कायद्याखाली बेकायदा ठरले होते. कुंपण त्याच्या स्वतःच्या जमिनीवर होते, पण त्यामुळे प्राँगहॉर्न या चपळ प्राण्याची हिवाळी चराईची वाट अडत होती. म्हणजे चौपायांना वाट आधी मिळाली. दोन पायांच्या प्राण्याला ती मिळायला मार्च 2025 उजाडला. त्या महिन्यात दहाव्या सर्किटच्या, म्हणजे न्यायविभागाच्या, अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. मालकाची भिस्त 1979 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर होती. अशा कोपऱ्यावरून रस्ता बांधायचा सरकारला आपोआप हक्क नाही, असे तो निकाल सांगतो. पण रस्ता बांधणे वेगळे आणि माणसाने पलीकडे जाणे वेगळे.

बांधावरच्या वाटेवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या गावांना यात नवल वाटू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागण्याचे अर्ज तहसीलदारांपुढे येतच असतात. शेतकऱ्याला शेतात जायला वाट हवी, हे आपला कायदा मानतो.

शिकारबंदी असलेल्या देशातल्या वाचकाला शिकाऱ्यांची बाजू घेणे खटकेल. मलाही ‘शिकारी हाच वनांचा खरा राखणदार’ ही तिकडची घोषणा पुरती पटत नाही. मात्र तिथे रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के कर आहे आणि 1937 च्या कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. हे नाकारून वाद घालण्यात अर्थ नाही. शिवाय उद्या त्या कोपऱ्यावरून दुर्बीण घेऊन जाणाऱ्यालाही हाच निकाल उपयोगी पडणार आहे.

निकालाची हद्द तेवढी ध्यानात ठेवावी. तो वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या सहा राज्यांपुरता बंधनकारक आहे. शेजारचे मोंटाना वेगळ्या सर्किटमध्ये येते आणि कोपरा ओलांडणे आपल्याकडे अजूनही बेकायदाच आहे, असे तिथल्या वन्यजीव खात्याने निकालानंतर जाहीर केले आहे.