कान गेला, हक्क जाऊ देऊ नका!

सातारा-सांगलीकडच्या वस्त्यांतून फिरताना आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. पेन्शनीत आलेला सैनिक लग्नकार्यात सगळ्यांना मान डोलावतो. ऐकू मात्र काही आलेले नसते. घरचे म्हणतात, "वय झालं." वयाने झाले की बंदुकीने, हे कोणी विचारत नाही.

महार रेजिमेंट 1941 मध्ये बेळगावला उभी राहिली आणि 1946 मध्ये मशीनगन रेजिमेंट झाली. आपल्या कितीतरी घरांतील माणसांनी तो धडधडाट वर्षानुवर्षे सोसला. मोठ्या आवाजाने आतल्या कानातील नाजूक पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. पडदा फाटून कान वाहत असेल तर उपचार होतात. पण गरम तेल ओतून नव्हे, डॉक्टरांकडून.

मिरज तालुक्यातील एक निवृत्त हवालदार प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आमच्याकडे आले. वैद्यकीय मंडळाने कानासाठी 20 टक्के अपंगत्व लिहिले होते. पुढे शेरा होता, 'सेवेशी संबंध नाही.' त्या तीन शब्दांनी पेन्शन अडली. भरतीच्या वेळी कान निर्दोष असल्याची नोंद त्याच कागदांत होती!

अपंगत्व पेन्शनला दोन गोष्टी लागतात. अपंगत्व किमान 20 टक्के हवे आणि ते सेवेमुळे झालेले किंवा सेवेत वाढलेले हवे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले की, भरतीवेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे. उलटे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वाढवून देण्याचा लाभ मिळाला. 20 ते 49 टक्के असेल तर 50 धरतात. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, हा हिशेब धरला, तर 20,000 रुपये पगारावर 1,200 ऐवजी 3,000 रुपये होतात. घरखर्चात हा फरक लहान नाही.

दवाखान्यातला 40 टक्क्यांचा दिव्यांग दाखला वेगळा. त्याची आणि लष्करी टक्केवारीची गल्लत करू नका. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी ते आधी समजून घ्यावेत.

डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ. आणि वैद्यकीय मंडळाचा अहवाल घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अहवाल नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला लेखी मागा, पोचपावती जपा. आधी अपील, नाकारले तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. उशिराने हक्क बुडत नाही, पण 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे प्रत्येक महिना मोलाचा.

हवालदारांचे अपील आम्ही लिहून दिले आहे. निकाल यायचा आहे. निघताना ते मोठ्याने म्हणाले, "भीक नको, नोंद पाहिजे." आपल्या घरातील ट्रंक आज उघडा. कागद वाचता येत नसतील तर शिकलेल्या पोरीला बसवा, पण वाचा.