जळालेलं तांबं आम्ही का घेत नाही

मागच्या भागात बोलता बोलता भंगाराचा विषय निघाला आणि नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की भंगारवाला एका वायरीला चांगला भाव देतो आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वायरीला निम्मासुद्धा देत नाही, असं का? तर आजचा भाग त्यावर. बोललो तसंच लिहून काढलंय, थोडं नीट करून.

आमचं दुकान शिरूर कासारला. गावाच्या नावातच कासार आहे, म्हणजे तांब्या-पितळेशी नातं जुनंच. जुना हंडा मोडीत द्यायचा आणि वर थोडे पैसे घालून नवा घ्यायचा, हे आपल्या आज्यांनी केलेलंच आहे. आता मोडीत हंडे कमी येतात. येतात त्या जळालेल्या मोटारी.

आणि त्या येतात उन्हाळ्यात. बोअरमधल्या मोटारीला तिच्याभोवतीचं पाणीच थंड ठेवतं. पाणी खाली गेलं, मोटार कोरडी फिरली, की तापते आणि वाइंडिंग जातं. दुसरं कारण लाइटीचं. तीन फेजपैकी एक गेला आणि स्टार्टरनं मोटार बंद केली नाही, तर उरलेल्या दोन फेजवर सगळा भार येतो, करंट वाढतो, वाइंडिंग जळतं. शेतकऱ्याचं नुकसान तो आमचा हंगाम. ऐकायला वाईट वाटतं, पण धंदा असाच आहे.

मोटार खोलली की पहिली वाटणी लोहचुंबकानं. चिकटलं ते लोखंड किंवा बीड. (बीड म्हणजे ओतीव लोखंड. आमचा जिल्हा नव्हे, हा विनोद दुकानात रोज एकदा होतो.) न चिकटलेल्यात तांबं, पितळ, ॲल्युमिनियम. पितळ पिवळं, तांबं लाल, एवढं सगळ्यांना कळतं. फसगत होते ती वायरीत. काही वायरी आतून ॲल्युमिनियमच्या असतात आणि वर फक्त तांब्याचा पातळ थर. टोक कानशीनं घासा, आत पांढरं दिसलं की समजा. उलटंही असतं. जुन्या वायरीवर कथलाचा मुलामा असतो, वरून पांढरी दिसते, घासली की आत लाल तांबं. म्हणून अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगायचे, रंगावर जाऊ नको, घासून बघ. शंका राहिली तर हातात तोलून बघायचं. तेवढ्याच जाडीची, तेवढ्याच लांबीची ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या एक तृतीयांशपेक्षाही कमी भरते.

आता आवरणाचं गणित. वायर आवरणासकट विकायची की सोलून? एक हातभर तुकडा कापा, तोला, सोला, पुन्हा तोला. घरातल्या फिटिंगच्या जाड वायरीत निम्म्याहून जास्त वजन तांब्याचं निघतं, सोलणं परवडतं. चार्जरच्या, इअरफोनच्या वायरीत तांबं केसाएवढं. ती सोलत बसलात तर दिवसाची मजुरीसुद्धा सुटत नाही, तशीच विका. सोलायला आमच्याकडे फळीवर ठोकलेलं एक पातं आहे, त्याखालून वायर ओढायची. बोअरच्या मोटारीतली तार प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीत गुंडाळलेली असते, ती हातानं निघते. पंख्याच्या किंवा वरच्या मोटारीच्या तारेवरचा वार्निशचा थर मात्र सोलत नाही, तो माल वेगळा ठेवायचा, भाव थोडा कमी.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे जाळणं. गावोगाव तेच चालतं. ढीग करायचा, काडी लावायची, अर्ध्या तासात तांबं मोकळं. पण ते तांबं काळं पडतं, बारीक तारा करपून ठिसूळ होतात, वजन घटतं आणि पुढचा व्यापारी भाव पाडतो. हे झालं पैशाचं. वायरीचं प्लॅस्टिक पीव्हीसी असतं. ते जळताना आम्लाची वाफ सुटते, डोळे-घसा चरचरतो तो त्यानं. वर डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि तांबं जवळ असलं की ते जास्त तयार होतं. जाळणारा बहुतेक वेळा पोरगा असतो, तोंडाला रुमाल बांधलेला. रुमालानं त्यातलं काही अडत नाही.

तरी आमच्या दुकानात जाळलेलं तांबं बंद झालं ते या कारणानं नाही. खरं कारण सांगतो.

मी तेव्हा शाळेत होतो. उन्हाळ्यातच एक ओळखीचा पोरगा गोणी घेऊन आला. काळं पडलेलं तांबं, दहा किलोच्या आसपास. अण्णांनी काट्यावर टाकलं, पैसे दिले, वहीत काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी जवळच्या वाडीवरचे एक मामा आले, सोबत दोघं-तिघं. बोअरची केबल रात्रीतून कापून नेली होती, पाचशे फूट. अडीच एमएमची तीन कोरची केबल. हिशोब करून बघा. मीटरला साधारण ६७ ग्रॅम तांबं, पाचशे फूट म्हणजे १५२ मीटर, म्हणजे १० किलोच्या वर थोडं. वजन जुळत होतं. पण हीच माझी केबल, असं मामा कशावरून म्हणणार? केबलवर कंपनीचं नाव, साइज छापलेलं असतं, कुठं जोड मारला ते मालकाला माहीत असतं. ते सगळं आवरणावर. आवरण जळून गेलेलं.

मामा भांडले नाहीत. "अण्णा, मोसंबीला चार दिवस झाले पाणी नाही," एवढंच म्हणाले. अण्णांनी स्वतःच पोलिसांना कळवलं. माल जमा झाला, आमचे पैसे गेले. मामांना केबल नवीन घ्यावी लागली, तीही उसनवारीनं, आणि तोवर बागेतली काही झाडं वाळली. पुढे कितीतरी दिवस मामा आमच्या दुकानावरून जायचे तेव्हा अण्णा आत जाऊन बसायचे.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. चोरीचा माल घेणं हा गुन्हा आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. दोन्हीकडे मुद्दा एकच. चोरीचा आहे हे माहीत असलं पाहिजे असं नाही, तसं वाटायला कारण असलं तरी पुरे. पोरानं दहा किलो जळकं तांबं आणलं, हे कारण नाही तर काय? डीपीतलं किंवा लाइनच्या तारांचं साहित्य असेल तर विद्युत कायदा २००३ ची कलमं १३६ आणि १३७ लागतात, एक चोरणाऱ्याला, दुसरं घेणाऱ्याला.

आता दुकानात नियम असा. केबल आवरणासकट आणायची, सोलायची तर आमच्यासमोर. नाव, गाव, फोन वहीत. मोटार असेल तर वाइंडिंगवाल्याकडून आली की थेट शेतातून, तेही लिहितो. काही गिऱ्हाईक तुटलं, ते दुसरीकडे जातं, मला माहीत आहे. परवाच एक जण गोणी घेऊन आला, काळ्या तारा बाहेर डोकावत होत्या. मी म्हणालो, जळका माल घेत नाही. तो म्हणाला, "घरचाच आहे, दादा." मी म्हणालो, मग पुढच्या वेळी न जाळता आण, भाव जास्त देतो. गोणी उचलून तो निघून गेला. अजून तरी परत आलेला नाही.