‘मुक्त’ या शब्दाचे तीन घोटाळे

1998च्या फेब्रुवारीत आपल्याकडे बाराव्या लोकसभेच्या निवडणुकीचा धुरळा उडाला होता. त्याच सुमारास अमेरिकेत एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या दोन गोष्टी घडत होत्या. दूरच्या दीर्घिकांमधले ताऱ्यांचे स्फोट मोजणारे दोन गट स्वतंत्रपणे सांगू लागले होते, की विश्वाचं प्रसरण मंदावत नसून उलट वेग घेतं आहे. आणि कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये एका छोट्या बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांच्या डोक्यातून निघालेला ‘ओपन सोर्स’ हा शब्द चारचौघांनी उचलून धरला होता.

मला दोन्हींचा नाद आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि गच्चीत छोटी दुर्बीण, असा संसार. त्यामुळे लग्नकार्यात, गाडीत, सोसायटीच्या सभेत कुणी ना कुणी गाठतंच: विश्वाचा शेवट कसा होणार हो? ते फुकटचं सॉफ्टवेअर सुरक्षित असतं का? आणि त्यात राजकारण कशाला आणता? प्रश्न तीन, पण त्यांच्या तळाशी समजूत एकच असते. मुक्त म्हणजे मोकळं सोडून दिलेलं, आपलं आपण चालणारं काहीतरी. विश्व असो, कोड असो की सरकार, ही समजूत प्रत्येक ठिकाणी वेगळ्या तऱ्हेनं चुकते.

“मुक्त म्हणजे फुकटच ना?”

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात स्वातंत्र्य आणि मोफत दोन्ही कोंबलेलं आहे, म्हणून तिथे हा घोळ समजू शकतो. मराठीत मुक्त वेगळं, फुकट वेगळं. तरीही आपण दुसऱ्याच्या भाषेतला गोंधळ आयात केला आहे.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983मध्ये जीएनू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत एका प्रिंटरचा किस्सा ते स्वतः सांगतात. एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवा प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना आपोआप निरोप जावा, एवढी सुधारणा त्यांना करायची होती. जुन्या प्रिंटरवर त्यांनी ती केलीही होती. नव्याचा सोर्स कोड मात्र कुणी देईना. प्रिंटर प्रयोगशाळेचा, पण त्याला दुरुस्त करण्याचा अधिकार दुसऱ्याचा. भांडण पैशांचं नव्हतंच. चालवणं, वाचून बदलणं, प्रती वाटणं आणि बदललेलंही इतरांना देणं, या चार हक्कांचं होतं. हे हक्क देऊन पैसे खुशाल घ्यावेत. आयबीएमनं 2019मध्ये रेड हॅट ही कंपनी 34 अब्ज डॉलरना घेतली. तिचा मुख्य माल मुक्त सॉफ्टवेअरच होता.

याच्या उलटा गैरसमज मला जास्त धोकादायक वाटतो: मुक्त म्हणजे बेवारस. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा देवनागरी फॉन्ट अनेकांनी वापरला असेल. तो घ्या, बदला, पुस्तकात छापा, आपल्या सॉफ्टवेअरबरोबर विका. पण नुसता फॉन्ट सुटा विकायला त्याचा परवाना मनाई करतो. अशा अटी नुसत्या कागदावरच्या नसतात, हे 2008मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयात ठरलं, आणि तेही खेळण्यातल्या आगगाड्यांवरून. मॉडेल रेल्वे चालवण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या फाइली एका व्यावसायिकानं मूळ लेखकांची नावं काढून वापरल्या. न्यायालयानं म्हटलं, परवान्याच्या अटी मोडल्या तर तो प्रताधिकाराचा भंग ठरू शकतो. प्रताधिकार सोडून दिल्यानं मुक्त सॉफ्टवेअर मुक्त राहत नाही, प्रताधिकाराच्याच बळावर राहतं.

“विश्व मुक्त असेल तर पसरत राहील, बंदिस्त असेल तर कोसळेल”

हे वाक्य चुकीचं म्हणताना मला थोडं वाईट वाटतं, कारण लहानपणी मी ते पुस्तकांत वाचलं आणि वर्षानुवर्षं लोकांना ऐकवलं. 1922मध्ये अलेक्झांडर फ्रीडमन यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणाऱ्या विश्वाचं गणित मांडलं. त्यात नुसतं द्रव्य आणि प्रारण असेल तर हिशेब सोपा आहे. घनता एका ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असली तर विश्व बंदिस्त, कधीतरी मागे फिरणार. कमी असली तर मुक्त, कायम पसरणार. आजच्या हिशेबानं ही मर्यादा एका घनमीटरला हायड्रोजनचे जेमतेम पाच-सहा अणू इतकी आहे. बाकी सगळी ओस जागा.

1998च्या शोधानं हा साधा हिशेब मोडला. (सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना त्यासाठी 2011चं नोबेल मिळालं.) विश्वाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 68 टक्के वाटा कृष्ण ऊर्जेचा, 27 टक्के कृष्ण द्रव्याचा, आणि तारे, ग्रह, तुम्ही-आम्ही धरून नेहमीचं द्रव्य फक्त 5 टक्के. कृष्ण ऊर्जा आली की भूमिती आणि भवितव्य यांची गाठ सुटते. बंदिस्त भूमितीचं विश्वही कायम पसरू शकतं आणि मुक्त भूमितीचंही कोसळू शकतं. मोजमापांनुसार आपलं विश्व तर जवळजवळ सपाट आहे, म्हणजे दोन्हींच्या मधलं. तेव्हा ‘मुक्त’ हे भूमितीचं नाव आहे, त्यावरून शेवट कळत नाही. शेवट कृष्ण ऊर्जेच्या वागण्यावर ठरणार.

ती कायम एकसारखी राहिली, तर दीर्घिका एकमेकींच्या नजरेआड जातील, नवे तारे जन्मायचे थांबतील, सगळं हळूहळू गार होत जाईल. याला औष्णिक मृत्यू म्हणतात, आणि या नावानं बिचाऱ्या वाचकाला हमखास फसवलं आहे. त्यात कुणी भाजून मरत नाही. तापमानातले फरकच संपतात, म्हणून उष्णतेकडून कुठलंही काम करून घेता येत नाही. थंडगार शेवटाला उष्ण नाव! कृष्ण ऊर्जा वाढत गेली, तर एक दिवस दीर्घिका, तारे आणि अखेर अणूही फाटतील. आणि ती क्षीण होऊन उलटली, तरच कोसळणं संभवतं.

इथे सध्या खरी गंमत चालू आहे. ॲरिझोनातल्या किट पीकवर चार मीटरच्या दुर्बिणीला डेसी नावाचं उपकरण जोडलं आहे. पाच हजार प्रकाशतंतू एकाच वेळी पाच हजार दीर्घिकांचा प्रकाश टिपतात. 2024 आणि 2025मध्ये या गटानं जाहीर केलेल्या निष्कर्षांत, सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार मोजल्यावर, कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी असा इशारा दिसतो. लगेच मथळे आले: विश्व कोसळणार! तसं कुणी म्हटलेलं नाही. एक तर क्षीण होणं म्हणजे उलटणं नव्हे. कृष्ण ऊर्जा शून्यावर आली तरी सपाट विश्व पसरतच राहील. दुसरं, ताऱ्यांच्या स्फोटांची कुठली यादी जोडीला घ्याल त्यावर या निष्कर्षाची खात्री 2.8 ते 4.2 सिग्मा अशी बदलते, आणि शोध लागला म्हणायला भौतिकशास्त्रज्ञ 5 मागतात. मला स्वतःला तो इशारा खरा ठरावासा वाटतो. पण ते माझं वाटणं.

बाकीचे दोन-तीन प्रश्न झटपट. विश्व पसरतं म्हणून आपलं घर किंवा सूर्यमाला पसरत नाही, गुरुत्वानं आणि अणूंच्या बंधांनी बांधलेल्या गोष्टी बांधलेल्याच राहतात. सूर्याचा स्फोट होणार नाही, तेवढं त्याचं वस्तुमान नाही. तो सुमारे पाच अब्ज वर्षांनी फुगेल आणि मग विझत जाईल. देवयानी दीर्घिका आपल्यावर आदळणारच, हे आता छातीठोकपणे सांगू नये: 2025मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार पुढच्या दहा अब्ज वर्षांत तशी शक्यता निम्मीच आहे.

“हे सगळं त्या शास्त्रज्ञांनाच तपासता येणार”

डेसीची मोजमापं घेऊन कुठलं विश्व त्यांत बसतं हे पाहायला गणिताचे प्रोग्राम लागतात. त्यांतला कॅम्ब नावाचा प्रोग्राम अँटनी लुइस आणि अँथनी चॅलिनर यांनी लिहिला. तो कुणालाही उतरवून घेता येतो. कृष्ण ऊर्जेचा आकडा बदला, प्रोग्राम चालवा, दुसरं विश्व समोर येतं. डेसीनं पहिल्या वर्षाची मोजमापंही 2025च्या मार्चमध्ये सर्वांसाठी खुली केली.

याचं महत्त्व कळायला जयंत नारळीकरांची आठवण पुरेशी आहे. महास्फोटाचा सिद्धांत त्यांना अखेरपर्यंत पटला नाही. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी 1993मध्ये स्वतःचं पर्यायी विश्व मांडलं. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत झाले नाहीत, आणि माझ्या समजुतीप्रमाणे पुरावाही त्यांच्या विरुद्ध आहे. पण विरोधी बाकावरच्या माणसालाही तीच मोजमापं हाती लागतात म्हणून त्याला नुसतं ‘नाही’ न म्हणता आकडे मांडून वाद घालता येतो.

“हजारो डोळे बघतात, म्हणजे सुरक्षित”

बघू शकतात आणि बघतात यांत फार अंतर आहे. निम्म्या इंटरनेटची कुलपं ज्या ओपनएसएसएलवर होती, त्यात 2012मध्ये शिरलेली हार्टब्लीड ही चूक 2014च्या एप्रिलपर्यंत उघड झाली नाही. त्या वेळी या प्रकल्पावर पूर्ण वेळ काम करणारा माणूस जवळपास एकच होता आणि वर्षाच्या देणग्या दोन हजार डॉलरच्या घरात. गावविहिरीचं पाणी सगळे नेतात, गाळ काढायला कुणी येत नाही.

2024ची एक्सझेडची घटना त्याहून अंगावर येणारी. फायली लहान करणाऱ्या या साध्या सॉफ्टवेअरचा एकटा, थकलेला सांभाळकर्ता होता. ‘जिया टॅन’ नावाच्या कुणीतरी दोनेक वर्षं मन लावून मदत केली, विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. पकडलं कुणी? सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या चिडचिडीतून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं. कोड उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं, हे खरं. पण उघड्या दारातूनच चोर आला होता, हेही खरं.

फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता. याच कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी 2001मध्ये लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं.

“हे डाव्यांचं खूळ” आणि “कोडला राजकारण नसतं”

ही दोन वाक्यं मी एकाच गृहस्थांकडून एकाच संध्याकाळी ऐकली आहेत.

पहिलं आधी. केरळच्या शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. केंद्र सरकारनं आपल्या कार्यालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण 2015मध्ये काढलं, तेव्हा दिल्लीत कुणाचं सरकार होतं हे मात्र विसरलं जातं. ‘ओपन सोर्स’चा झेंडा मिरवणारे एरिक रेमंड तर सरकार जितकं कमी तितकं बरं, या पंथाचे. आणि बाल्मर ज्या मायक्रोसॉफ्टचे प्रमुख होते, तिनंच 2018मध्ये मुक्त कोडचं कोठार असलेलं गिटहब साडेसात अब्ज डॉलरना घेतलं. कर्करोगाला इतकी किंमत कुणी देत नाही.

आता दुसरं. फिल झिमरमन यांनी 1991मध्ये पीजीपी हा गुप्तलेखनाचा प्रोग्राम बाहेर काढला. अमेरिकी कायद्यात असं तंत्र तेव्हा शस्त्रास्त्रांच्या यादीत होतं, त्यामुळे त्यांच्यामागे चौकशी लागली. मग सगळा सोर्स कोड चक्क पुस्तक म्हणून छापला गेला. शस्त्राची निर्यात रोखता येते, पुस्तकाची रोखणं अवघड. म्युनिक शहरानं 2003मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, तेव्हा बाल्मर स्कीइंगची सुट्टी मध्येच सोडून महापौरांना भेटायला गेले. शहरानं सुमारे पंधरा हजार संगणक बदलले, आणि सत्तेतली माणसं बदलल्यावर 2017मध्ये परत फिरायचं ठरवलं. 2024च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्सच्या सांभाळकर्त्यांच्या यादीतून रशियाशी संबंध असलेली डझनभर नावं निर्बंधांमुळे वगळली गेली. परवाना सगळ्या जगाला सारखा होता, पण यादी सांभाळणारी माणसं कुठल्या ना कुठल्या देशाच्या कायद्याखाली राहतात.

आपल्याकडचं उदाहरण कोरोनाकाळातल्या सरकारी आरोग्य सेतूचं. 2020च्या मे महिन्यात त्याच्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला झाला, कौतुकही झालं. लोकांची माहिती जिथे जाऊन पडते त्या सर्व्हरचा कोड मात्र काही महिन्यांनी आला. खिडकी उघडून माजघराला कुलूप, हा प्रकार राजकारणात नवा नाही. म्हणून ‘आम्ही सगळं खुलं केलं’ असं कुणी म्हणालं की मी एवढंच विचारतो: काय खुलं केलं, आणि ते बदलण्याचा अधिकार कुणाकडे?

विश्वसुद्धा यातून सुटत नाही. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेनं लावलेला गुरुत्वीय तरंगांचा पहिला शोध 11 फेब्रुवारी 2016ला जाहीर झाला, त्याच महिन्यात आपल्या मंत्रिमंडळानं लायगो-इंडियाला तत्त्वतः होकार दिला. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याजवळच्या या वेधशाळेच्या 2600 कोटींना अंतिम मंजुरी मिळायला 2023चा एप्रिल उजाडला. तिकडे अमेरिकेत 2025च्या अंदाजपत्रकी प्रस्तावात लायगोच्या दोनपैकी एकच केंद्र चालू ठेवण्याची सूचना होती. हे तरंग विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजण्याचा वेगळा मार्ग देतात. त्यामुळे विश्वाचा शेवट कधी कळेल, याचं उत्तर थोडंफार अर्थखात्याच्या फायलीतही असतं.

हिंगोलीचं यंत्र सुरू व्हायचं आहे. तोवर 14 सप्टेंबर 2015च्या त्या पहिल्या तरंगाची नोंद लायगोच्या खुल्या संग्रहातून उतरवून घेता येते. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याची 32 सेकंदांची नोंद एक-दोन एमबीत मावते. सोबत पायथनमधला धडाही आहे. मूळ सूर इतका खालचा की साध्या लॅपटॉपच्या स्पीकरवर तो धड ऐकू येत नाही, म्हणून धडा लिहिणाऱ्यांनी तो 400 हर्ट्झनं वर चढवला आहे. माझे स्पीकर साध्याहून साधे. मी त्या ओळीतला 400 खोडून 600 केला आणि पुन्हा चालवला. ‘ट्विप’ असा आवाज आला, गजावर बसलेल्या चिमणीनं काढावा तसा.