बिबट्याला घर ठाऊक होतं

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्यांनी लागोपाठ माणसं मारली. मेलेल्यांत लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, शेवटी एका बिबट्याला गोळ्या घालाव्या लागल्या. ज्या घरातलं पोर गेलं त्या घरानं संतापू नये असं कोण म्हणेल? पण त्या संतापावर स्वार होऊन जी मागणी पुन्हा वर आली, तिनं जुन्या जखमेची खपली निघाली. बिबटे उचला आणि लांब कुठंतरी नेऊन सोडा, ही ती मागणी. महाराष्ट्रानं हे एकदा करून पाहिलेलं आहे. त्याची किंमत जुन्नरनं मोजली, आणि तसल्याच कारभाराची झळ ठाण्यालाही लागली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. जुन्नर-आंबेगाव भागात धरणं झाली, कालव्यांचं पाणी फिरलं, ऊस आला. उसात आडोसा होता, गावात कुत्री आणि शेळ्या होत्या. बिबट्यांच्या पिढ्या फडातच जन्मू लागल्या.

मग २००१ साल उजाडलं. पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले आणि सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. हिशेब सोपा वाटत होता: बिबट्या जंगलातला प्राणी, त्याला जंगलात नेलं की प्रश्न मिटला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढं या काळाची आकडेवारी तपासली, ती अंगावर येते. जुन्नरमध्ये माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते. बिबटे हलवण्याची मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. हल्ल्यांत जीव जाण्याचं प्रमाणही वाढलं.

ठाण्याच्या बाजूला काय चाललं होतं? कळव्यात पारसिकच्या डोंगरावर उभं राहिलं की खाडीपलीकडे ठाणं आणि त्यामागे येऊरची रांग दिसते. ती रांग म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेची कड. बाहेर पकडलेले बिबटे याच उद्यानात आणून सोडले जात होते. २००४ चा जून महिना इथल्या जुन्या रहिवाशांना विसरता येणार नाही. पावसाच्या तोंडावर उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये एकामागून एक माणसं गेली. दोष वस्त्यांना दिला गेला, कचऱ्याला दिला गेला, आणि त्यात तथ्यही होतं. पण परका बिबट्या परक्या रानात आणून सोडणाऱ्या धोरणाला जाब विचारायला बराच वेळ लागला.

त्याच सुमाराला, जुन्नरपासून फार दूर, प्राण्याला आपली जागा कशी कळते या प्रश्नाचं एक उत्तर हाती येत होतं. लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात विलक्षण पेशी सापडल्या होत्या. उंदीर खोलीच्या एका ठरावीक जागी आला की एक पेशी जागी होई, दुसऱ्या जागी गेला की दुसरी. पुढं तोंड कुठल्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या पेशी सापडल्या. २००५ मध्ये नॉर्वेतल्या माय-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्या प्रयोगशाळेनं शेजारच्या भागात आणखी एक प्रकार दाखवला. तिथली एकेक पेशी जमिनीवर समान अंतरावरच्या, षटकोनी जाळीत बसणाऱ्या अनेक ठिकाणी जागी होते. त्यामुळं किती अंतर चाललो याचं माप मेंदूला मिळतं. काही पेशी तर भिंत किंवा कडा जवळ आली की कामाला लागतात. उंदीर झोपला की दिवसभराच्या वाटेवरच्या पेशी पुन्हा त्याच क्रमानं उजळतात, म्हणजे वाट झोपेतही गिरवली जाते. आज बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेले सचिन देशमुख यांनी जेम्स निएरिम यांच्याबरोबर २०११ मध्ये दाखवलं की हिप्पोकॅम्पसशेजारच्या भागातल्या काही पेशी जागेवरच्या वस्तूंची दखल घेतात, आणि वस्तू उचलून नेली तरी ती कुठं होती हे काही पेशी धरून ठेवतात.

यातली एक गोष्ट बिबटे हलवणाऱ्यांनी ऐकायला हवी होती. उंदराला अनोळखी खोलीत ठेवलं की जुना नकाशा तिथं चालत नाही. जागेच्या पेशी नव्यानं मांडणी करतात, पण जुनी मांडणी पुसली जात नाही. उंदीर जुन्या खोलीत परतला की ती पुन्हा उभी राहते. बिबट्याच्या मेंदूत कुणी तारा घातलेल्या नाहीत, तेव्हा उंदरावरून त्याच्याबद्दल किती सांगायचं याला मर्यादा आहे. पण हिप्पोकॅम्पस त्यालाही आहे आणि घरची ओढही. पाणवठा, बांध, कुत्र्यांची वस्ती, दुसऱ्या नराची हद्द हे सगळं माहीत असलेला प्राणी बेशुद्ध करून ४० किलोमीटरवर टाकायचा. शुद्धीवर आल्यावर यातलं काहीच सभोवती नाही. तो चालू लागणार, आणि वाटेत भेटणारं प्रत्येक गाव त्याला नवखं असणार.

२००९ मध्ये हे प्रत्यक्ष दिसलं. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढला गेला. स्वभावानं शांत, म्हणून त्याचं नाव ‘आजोबा’. अत्रेय यांच्या चमूनं त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा घातला आणि तो माळशेज घाटात सोडला गेला. तिथून त्यानं पश्चिम धरली. कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ, मुंबई-आग्रा महामार्ग, वसईचा औद्योगिक पट्टा ओलांडत, वसईची खाडी पोहून तो राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोचला. सुमारे १२० किलोमीटर, २५ दिवसांत, आणि वाटेत एकाही माणसाला ओरखडा नाही. तो मूळचा इकडचाच असेल का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. भटकणारं जनावर असं चालत नाही. कुठं जायचं ते ठाऊक असल्यासारखा तो प्रवास होता. २०११ मध्ये आजोबा वाहनाच्या धडकेत गेला.

२०१४ च्या मे महिन्यात सुजय डहाकेंचा ‘आजोबा’ पडद्यावर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकीफ आणि मोसर दांपत्याला नोबेल जाहीर झालं. त्या सुमारास शहाणपण रुजतंय असं खरोखर वाटत होतं. वन अधिकारी सुनील लिमये यांच्या पुढाकारानं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हे अभियान उभं राहिलं होतं. पोलीस, पत्रकार, सोसायट्यांचे लोक एकत्र बसत होते. बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लावायचा नाही, हे लोकांना पटू लागलं होतं.

ते शहाणपण आता विरत चाललंय, याचं दुःख मोठं आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यात समतानगरच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या आला आणि शेवटी जवळच्या हॉटेलच्या तळघरात सापडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात एक बिबट्या इमारतीत शिरला, माणसं जखमी झाली. अशा वेळी घाबरलेल्या जनावराला परतीची वाट मोकळी मिळायला हवी. तिथं नेमकी मोबाइल उंचावलेली गर्दी उभी असते.

उलट जुन्नरच्या फडात काय घडतं ते पाहावं. तोडणीला उसाच्या सरीत बछडी सापडतात. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचे लोक येतात, बछडी तपासतात आणि संध्याकाळी क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात. आता तिथं ऊस नाही, आडोसा नाही, सगळीकडं नुसतं पाचट. तरी अंधार पडल्यावर मादी येते, क्रेटपाशी थांबते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. असे व्हिडिओ कितीतरी आहेत. जागा चुकली तर पंचाईत, हे त्या कर्मचाऱ्यांना पक्कं माहीत असतं, म्हणून ते मजुरांना पुन्हा पुन्हा विचारून नेमकी सरी शोधतात.

नगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात अत्रेय यांना १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे आढळले होते, तेही जंगल नसलेल्या शेतीच्या मुलखात. पट्टे घातलेले बिबटे रात्री घरांच्या अगदी जवळून जात आणि दिवसा आडोशाला पडून राहत. त्यांच्या हद्दी ठरलेल्या, वाटा ठरलेल्या. त्यातला एक उचलला की त्याची रिकामी हद्द दुसरा, बहुतेक तरुण आणि अननुभवी, बिबट्या धरणार. उचललेला प्राणी कायमचा बंदिस्त केला तरी यात फरक पडत नाही. जुन्नर-शिरूरचे शेतकरी वर्षानुवर्षं मागताहेत ते वेगळंच आहे: पाणी द्यायला रात्री फडात उतरावं लागू नये म्हणून दिवसा थ्री-फेज वीज, वस्तीवर दिवे, गोठ्याला जाळी. पिंपरखेडनंतर गाजावाजा मात्र पिंजऱ्यांचा आणि बिबटे बाहेर पाठवण्याचाच जास्त झाला.