वडपे परिसरातील गोदामे आणि करांचे गणित

मुंबई-नाशिक महामार्गावरील वडपे आणि भिवंडी परिसरात गोदामे वाढली, त्यामागे करांचाही हात आहे. मुंबईत माल शिरताना जकात लागे. हद्दीबाहेर साठवल्यास ती विक्रीपर्यंत लांबवता येई. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामे मात्र टिकली, कारण जमीन मुंबईपेक्षा स्वस्त आणि बाजारपेठ जवळ. उलट, करांसाठी राज्योराज्यी छोटी गोदामे ठेवण्याची गरज कमी झाल्याने मोठ्या गोदामांना बळ मिळाले. या गोदामांकडे येणाऱ्या-जाणाऱ्या अवजड वाहनांच्या कोंडीची किंमत इतर प्रवासी वेळ आणि इंधनातून मोजतात. अर्थशास्त्रात हा ‘बाह्य खर्च’. माजिवडा-वडपे रस्त्याचे आठपदरीकरण हा त्यावरील एक उपाय. पण रुंद रस्ता नवी वाहतूकही ओढतो. म्हणून गर्दीच्या वेळी जादा पथकराचाही विचार व्हायला हवा.